पहिलें असत्य

आमच्या विद्यापीठांतून अलीकडे एक नवा संस्कार सुरू झाला आहे. पीएच. डी. साठीं नांव नोंदविणाऱ्या प्रत्येक तरुणास संशोधनांतील नीतीचे धडे घ्यावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ च्या अखेरीस तसें ठरविलें, आणि तेव्हांपासून तीस तासांचा एक अभ्यासक्रम या तरुणांच्या वांट्यास येऊं लागला. दुसऱ्याचे उतारे उचलूं नयेत, आंकडे बनवूं नयेत, न केलेल्या कामाचें श्रेय घेऊं नये, इत्यादि गोष्टी त्यांस सांगण्यांत येतात, परीक्षा होते, ते उत्तीर्ण होतात, आणि आम्ही वडीलधारी मंडळी कृतकृत्य होऊन घरीं जातों. या अभ्यासक्रमाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. नीतीच्या तीस तासांनीं कोणाचें वाईट झालेलें ऐकिवांत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. हे धडे ज्यास द्यावयाचे तो विद्यार्थी चोवीस-पंचवीस वर्षांचा असतो. आणि असत्याचे धडे त्यास त्यापूर्वींच, सोळाव्या-सतराव्या वर्षापासून, आम्हींच दिलेले असतात. ते कोठें दिले, कसे दिले व त्यांचें पुढें काय होतें, हें उघड बोलण्याची वेळ आतां आली आहे; आणि बोलावयाचें तर आरंभ स्वतःपासूनच केला पाहिजे.

ज्या घरांत शास्त्रशाखेचें शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत 'जर्नल' ही वस्तु काय असते हें सांगावयास नको. प्रयोगशाळेंत केलेल्या प्रत्येक प्रयोगाची हकीकत, साधनांच्या आकृति, निरीक्षणांचीं कोष्टकें व शेवटीं निघालेलें उत्तर ज्या वहींत लिहावयाचें ती ही वही. वर्षअखेर तिच्यावर अध्यापकाची सही होते, आणि त्या सहीवांचून विद्यार्थ्यास प्रात्यक्षिक परीक्षेस बसूं देत नाहींत. कल्पना अशी कीं, विद्यार्थ्यानें डोळ्यांनीं पाहिलें तेंच हातानें लिहावें. व्यवहार असा कीं, गतवर्षींच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याचें जर्नल वर्गांतून फिरतें व त्यांतलीं कोष्टकें उतरून घेतलीं जातात. ज्यास उतरून घेण्याची लाज वाटते तो उत्तरापासून उलट गणित करीत जाऊन निरीक्षणें 'बसवितो'. आणि हें सर्व ठाऊक असून आम्ही सही करितों. 'रीडिंग बसलें का?' हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळांतून इतक्या निर्मळ मनानें विचारला जातो कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें विचारणारासही वाटत नाहीं व ऐकणारासही वाटत नाहीं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आम्हांस या संबंधांत सांगितली पाहिजे. आम्ही तेव्हां एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे नवखे अध्यापक होतों. लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वाकर्षणाचें त्वरण काढण्याचा नेहमींचा प्रयोग चालू होता. हें त्वरण पाठ्यपुस्तकांत सोयीसाठीं ९८० सेंटिमीटर असें दिलेलें असतें, आणि प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच तें प्रत्येकास पाठ असतें. एकाच मेजावर, एकाच लंबकावर व एकाच स्टॉपवॉचनें चौदा विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हा प्रयोग केला. तेरा जणांचीं उत्तरें ९७५ व ९८५ यांच्या दरम्यान आलीं. एका मुलीचें उत्तर ९४१ आलें. आम्हीं तिला प्रयोग पुन्हां करावयास लाविला. उत्तर पुन्हां ९४० च्या आसपासच आलें. तेव्हां तिच्या वहींत आम्हीं तांबड्या शाईनें 'निष्काळजीपणा' असा शेरा मारिला व दहांपैकीं चार गुण दिले. बाकीच्या तेरांस आठ-आठ, नऊ-नऊ दिले. पुढें सुटींत साधनांची तपासणी चालली असतां आमच्या प्रयोगशाळा-सहायकाच्या ध्यानांत आलें कीं, त्या मेजावरचें स्टॉपवॉच मिनिटामागें सव्वा सेकंद पुढें जातें. आम्हीं कागद घेऊन हिशेब केला. घड्याळ इतकें पुढें जात असेल, तर प्रामाणिकपणें प्रयोग करणाराचें उत्तर ९४० च्या जवळपासच यावयास पाहिजे होतें. ९८० येणें शक्यच नव्हतें. म्हणजे चौदा जणांपैकीं प्रयोग एकीनेंच केला होता. बाकीच्या तेरांनीं केवळ उत्तर केलें होतें. आणि आम्हीं, सत्यशोधनाच्या पगारी पुरोहितांनीं, त्या एकीस निष्काळजी ठरवून तेरांची पाठ थोपटली होती.

पुढच्या वर्षीं ती मुलगी भेटली तेव्हां आम्हीं तिला सर्व हकीकत सांगून क्षमा मागितली. गुण मात्र तोंपर्यंत विद्यापीठांत पोंचले होते. ती रागावली असती तर बरें झालें असतें. ती हंसली आणि म्हणाली, "जाऊं द्या, सर. त्यानंतर मीं कधीं चूक केली नाहीं. पुढच्या प्रत्येक प्रयोगाचें उत्तर आधीं पाहूनच मी प्रयोगाला बसलें."

तिचें हें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं. चौदापैकीं तेरांस असत्य आधींच येत होतें. चौदावीस तें आम्हीं शिकविलें. आतां असे तेरा, किंवा चौदा, विद्यार्थी पुढें पदवी घेतात. त्यांतील दोघे-तिघे संशोधनाकडे वळतात. आणि तेथें ज्या वस्तूचें उत्तर कोणत्याच पुस्तकांत नाहीं तिच्याशीं त्यांची गांठ पडते. उत्तर ठाऊक असल्यावांचून प्रयोग कसा करावा, हें त्यांस कोणीं शिकविलेलेंच नसतें. आलेख सरळ रेषेंत यावयास पाहिजे अशी मार्गदर्शकाची अपेक्षा असते, आणि दोन बिंदु रेषेबाहेर जातात. ते दोन बिंदु सोडून देणें ही पहिली पायरी. पुढें न घेतलेलें एखादें निरीक्षण मध्यें घालणें ही दुसरी. एका प्रयोगाचें चित्र दुसऱ्या प्रयोगाचें म्हणून लावणें ही तिसरी. शेवटच्या पायरीवर संबंध प्रयोगच कल्पनेंतून निर्माण होतो. ही शेवटची पायरी उघडकीस आली म्हणजे वर्तमानपत्रें ओरडतात व आम्ही कानांवर हात ठेवितों. परंतु पहिल्या पायरीवर त्याचा हात धरून आम्हींच त्यास चढविलें, हें कोणी बोलत नाहीं.

शास्त्राचा इतिहास या बाबतींत आम्हांस अगदीं उलट शिकवण देतो. इंग्रज पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रेले हे गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत नायट्रोजन वायूची घनता मोजीत होते. हवेंतून इतर ज्ञात घटक काढून टाकल्यावर उरलेल्या नायट्रोजननें एक विशिष्ट कांचगोल भरला तर त्या वायूचें वजन सुमारें २.३१० ग्रॅम भरे; रासायनिक संयुगांपासून केलेल्या नायट्रोजननें तोच गोल भरला तर २.२९९ ग्रॅम भरे. फरक अवघा अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे शेंकडा अर्धा. आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें तो कोष्टकांतल्या कोष्टकांत जिरवून टाकला असता, आणि आम्हीं त्यास दहांपैकीं दहा दिले असते. रेले यांनीं काय केलें? आरंभीं फरक याहूनही लहान होता. तो झांकण्याऐवजीं त्यांनीं पद्धति बदलून तो मोठा करून पाहिला. आणि १८९२ सालीं 'नेचर' पत्रांत जाहीर पत्र लिहून, आपणांस याचा उलगडा होत नाहीं, कोणास होत असल्यास सांगावा, अशी रसायनशास्त्रज्ञांस विनंति केली. त्यांतूनच १८९४ सालीं रेले व रॅम्झे यांस हवेंत लपून बसलेलें आर्गॉन हें नवें मूलद्रव्य सांपडलें, आणि १९०४ सालीं दोघांस नोबेल पारितोषिकें मिळालीं. मौज अशी कीं, त्यांच्यापूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें, १७८५ सालीं, हेन्री कॅव्हेंडिश यांनीं हवेंतल्या नायट्रोजनचा एक लहानसा बुडबुडा, मूळच्या एकशेंविसाव्या भागाहून मोठा नसेल इतका, कांहीं केल्या संयोग पावत नाहीं असें प्रामाणिकपणें नमूद करून ठेविलें होतें. त्यांस त्याचा अर्थ लागला नाहीं. परंतु नोंद राहिली, आणि ती शतकानंतर कामास आली. खरी नोंद लिहिणारास अर्थ कळलाच पाहिजे असें नाहीं. नोंद खरी असली म्हणजे अर्थ लावणारा पुढें केव्हां तरी येतो. खोट्या नोंदीचा अर्थ लावण्यांत मात्र पिढ्याच्या पिढ्या फुकट जातात.

येथें आमचे कांहीं विद्वान् मित्र एक आक्षेप घेतील, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. ते म्हणतील, 'थोर शास्त्रज्ञांनींही निवड केलीच आहे. अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन यांचेंच पाहा ना.' मिलिकन यांचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आजही करितात. विजेच्या मूलभूत भाराचें मान त्यांनीं त्यावरून काढिलें. १९१३ सालच्या निबंधांत त्यांनीं ५८ थेंबांचीं निरीक्षणें दिलीं, आणि हे निवडक थेंब नसून लागोपाठ साठ दिवसांत तपासलेले सर्वच थेंब आहेत असें निक्षून सांगितलें. पुढें इतिहासकारांनीं त्यांच्या प्रयोगाच्या वह्या उघडून पाहिल्या, तों थेंब शंभरांहून अधिक निघाले. आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, गाळलेलीं निरीक्षणें हिशेबांत घेतलीं तरी उत्तर फारसें बदलत नाहीं. उत्तर बहुतांशीं बरोबर होतें. मग बिघडलें काय?

बिघडलें तें हेंच कीं, 'उत्तर बरोबर होतें' हें समर्थन आपणांस पुरेसें वाटतें. आमच्या जर्नलाचें तत्त्वज्ञान याहून दुसरें काय आहे? थेंब गाळण्यास कारणें असूं शकतात, आणि मिलिकन यांच्यापाशीं कित्येक ठिकाणीं तीं असतीलही. उपकरण अद्याप स्थिरावलें नसेल, थेंब फार लहान असेल. तीं कारणें सांगून थेंब गाळिले असते तर कोणीं बोट उचललें नसतें. दोष गाळण्यांत नाहीं. गाळून 'गाळिले नाहींत' असें लिहिण्यांत आहे. शिवाय तें उत्तरही पुरतें बरोबर नव्हतेंच. हवेच्या चिकटपणाचें मान त्यांनीं किंचित् चुकीचें धरिल्यामुळें तें आजच्या मानाहून शेंकडा अर्ध्याहून थोडें अधिक कमी आलें. आणि पुढच्या प्रयोगकर्त्यांचीं उत्तरें एकदम खऱ्या मानावर न जातां हळूहळू, पायरीपायरीनें त्याकडे सरकत गेलीं, ही गोष्ट रिचर्ड फाइनमन यांनीं १९७४ सालीं तरुण पदवीधरांपुढें बोलतांना मुद्दाम दाखवून दिली. कारण उघड आहे. ज्याचें उत्तर मोठ्या नांवाशीं जुळलें नाहीं तो आपल्या प्रयोगांत चूक हुडकीत बसला. ज्याचें जुळलें त्यानें हुडकणें थांबविलें. आमच्या मेजावरच्या तेरा विद्यार्थ्यांचाच हा थोरला अवतार नव्हे काय?

मिलिकन यांच्याच प्रयोगशाळेंतील दुसरी एक हकीकत आमच्या विषयास याहूनही जवळची आहे. हार्वे फ्लेचर नांवाचा तरुण त्यांच्या हाताखालीं शिकागो येथें डॉक्टरेटसाठीं काम करीत होता. पाण्याच्या थेंबांऐवजीं तेलाचे थेंब वापरून हा प्रयोग उभा करण्यांत त्याचा मोठा हात होता. फ्लेचर यांच्या सांगण्याप्रमाणें, निबंध प्रसिद्ध करण्याची वेळ आली तेव्हां गुरूनें शिष्याच्या घरीं जाऊन असा तोडगा सुचविला कीं, भाराच्या मापनाच्या निबंधावर एकट्या गुरूचें नांव असावें व दुसऱ्या एका निबंधावर एकट्या शिष्याचें. शिष्याची पदवी अडलेली. त्यानें मान्य केलें. १९२३ सालीं नोबेल पारितोषिक एकट्या मिलिकन यांस मिळालें. फ्लेचर पुढें ध्वनिशास्त्रांत स्वतः मोठे झाले. गुरूविषयीं त्यांनीं कटु शब्द काढिला नाहीं. आणि ही हकीकत त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ सालीं, छापण्यांत आली.

तेथें गुरूनें शिष्याचें नांव काढून टाकिलें. आमच्याकडे गुरु स्वतःचें नांव घालून घेतात, एवढाच भेद. ज्या प्रयोगाच्या वेळीं ते खोलींत नव्हते, ज्याचीं निरीक्षणें त्यांनीं पाहिलीं नाहींत, ज्याचा मसुदा त्यांनीं वाचिलाही नसेल, त्या निबंधावर मार्गदर्शकाचें नांव. त्याच्या खालीं विभागप्रमुखाचें, कारण उपकरणाच्या मागणीवर त्यांची सही लागते. आणि त्याच्याही खालीं एखाद्या स्नेह्याचें, कारण त्यानें गेल्या वर्षीं आपलें घातलें होतें. या देवाणघेवाणीस आमच्यांत सौजन्य म्हणतात. लग्नाच्या अहेराप्रमाणें येथें नांवें दिलीं-घेतलीं जातात, आणि चोवीस वर्षांचा मुलगा हें सर्व उघड्या डोळ्यांनीं पाहत असतो. त्यास तीस तासांच्या वर्गांत 'न केलेल्या कामाचें श्रेय घेऊं नये' हें वाक्य शिकविणारा अध्यापकही बहुधा याच यादींतला. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

आतां सरकारी उपायांकडे वळूं. २०१८ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठीं नियम केले. प्रबंध यंत्रांत घालावयाचा, यंत्रानें त्याचें इतर लिखाणाशीं साम्य शोधावयाचें. शेंकडा दहापर्यंत साम्य माफ, त्यापुढें चढत्या शिक्षा, आणि साठांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. उचलेगिरीस यामुळें कांहीं धाक बसला हें आम्ही मान्य करितों. परंतु यंत्र शब्दांस शब्द ताडून पाहतें. आंकड्याचें सत्य तें ताडीत नाहीं. किंबहुना खोटा आंकडा या यंत्रास फारच मानवतो, कारण तो कोठूनच घेतलेला नसतो! ज्यानें प्रयोग केला नाहीं, केवळ कोष्टकें रचिलीं, त्याचा प्रबंध या कसोटीनें अगदीं स्वतंत्र ठरतो. उलट, आपल्या कामाची पद्धति सर्वमान्य शब्दांत सरळ सांगणारा गरीब विद्यार्थी साम्याच्या भीतीनें चांगलीं वाक्यें मोडून वांकडीं करीत बसतो. हा तर चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचाच प्रकार झाला.

आणि चोरी करण्यास प्रवृत्त करणारे नियम कोणीं केले? २००९ च्या नियमांनीं प्रबंध सादर करण्यापूर्वीं एक तरी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे असें ठरविलें. २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या बढतीसाठीं प्रत्येक निबंधास गुण लाविले. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें मोजणी आली तेथें मोजणीपुरतें काम आलें. पैसे घेऊन चार-आठ दिवसांत कांहींही छापून देणारीं नियतकालिकें पावसाळ्यांतल्या छत्र्यांप्रमाणें उगवलीं, आणि त्यांतलीं पुष्कळशीं मान्यताप्राप्त यादींतही जाऊन बसलीं. पुण्याच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें जी पाहणी प्रसिद्ध केली तींत, विद्यापीठांच्या शिफारशीनें यादींत शिरलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनीं तपासणी केली त्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिक कसोटीस उतरलीं नाहींत. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत आयोगास ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढावीं लागलीं. पुढें नवी यादी झाली. २०२२ सालीं पीएच. डी. साठींची निबंधाची अट निघाली; २०२५ सालीं ती नवी यादीही बंद झाली. नियम आले व गेले; संवय राहिली. आजही मुलाखतीच्या वेळीं तरुणास पहिला प्रश्न येतो तो 'किती पेपर?' हाच. 'कोणता?' असें विचारणारे थोडे. 'तुमची प्रयोगाची वही दाखवा' असें म्हणणारा परीक्षक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

'शास्त्र आपल्या चुका आपणच सुधारतें, इतकी चिंता कशास?' असें म्हणणारा एक वर्ग आहे. तो फार सुखी वर्ग आहे. यान हेन्ड्रिक शॉन या तरुण जर्मन पदार्थवैज्ञानिकाचें उदाहरण त्यांनीं पाहावें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत काम करीत असतां २००१ सालीं सरासरीनें दर आठ दिवसांस त्याच्या नांवाचा एक निबंध बाहेर पडत होता. वरिष्ठांस आनंद, पारितोषिकें चालून येत होतीं. पुढें दुसऱ्या विद्यापीठांतील कांहीं संशोधकांच्या लक्षांत आलें कीं, निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांतील बारीकसारीक थरथर, जी प्रत्येक वेळीं निराळी असावयास पाहिजे, ती हुबेहूब एकच आहे. चौकशी समितीनें २००२ सालीं २४ आरोपांपैकीं निदान १६ सिद्ध मानिले. मूळ निरीक्षणें मागितलीं तेव्हां उत्तर मिळालें कीं, संगणकांत जागा नसल्यामुळें तीं पुसून टाकिलीं. प्रयोगाची वही ठेविलेलीच नव्हती. समितीनें सहलेखकांस निर्दोष ठरविलें. कायद्यानें तें योग्यच असेल. परंतु आमचा साधा सवाल असा कीं, इतक्या निबंधांवर नांवें घालणाऱ्या इतक्या विद्वानांपैकीं एकासही 'जरा वही दाखव पाहूं' असें म्हणावेंसें का वाटलें नाहीं?

दूर कशाला जावें? आमच्या देशांतच पंजाब विद्यापीठांतील भूगर्भशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनीं परदेशांतील जीवाश्म हिमालयांत सांपडल्याचे दाखविले, हें ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनीं १९८९ सालीं 'नेचर'मध्यें जाहीर मांडिलें. तोंवर हे लेख सुमारें पाव शतक छापले जात होते, आणि हिमालयाच्या भूस्तरांचा अभ्यास करणारे लोक त्यांवर विसंबून होते. हा कांहीं कोवळ्या वयाचा विद्यार्थी नव्हता. प्रतिष्ठित प्राध्यापक होता. तेव्हां शास्त्र आपोआप सुधारतें हें खरें नव्हे. कोणी तरी उठून, वैर पत्करून, तें सुधारतें. आणि तो उठणारा जर तरुण असेल, शिष्यवृत्ति वरिष्ठांच्या सहीवर अवलंबून असेल, तर त्याचें पुढें काय होतें हें विद्यापीठांतून वावरणाऱ्या कोणासही सांगावयास नको.

इतकें बोलल्यावर तरुण संशोधक म्हणतील, 'वा! दोष सर्व तुमचा, आम्ही मोकळे.' तसें मुळींच नाहीं. बापानें कर्ज केलें असेल तर मुलानें चोरी करावी असें ठरत नाहीं. त्यांस आमचें सांगणें थोडें आहे, पण तें रोजच्या व्यवहाराचें आहे. बांधलेली, पानांवर आंकडे घातलेली एक वही ठेवा. जें पाहाल तें त्याच दिवशीं, तारीख घालून, शाईनें लिहा. चुकलें तर एकच रेघ मारा, कीं खालचें वाचतां यावें; पान कधीं फाडूं नका. यंत्र आंकडे स्वतः टिपीत असेल तर ते मूळ रूपांत दोन ठिकाणीं जपून ठेवा, आणि सुधारलेली प्रत निराळी करा. कोणतीं निरीक्षणें गाळावयाचीं याचा नियम प्रयोगापूर्वीं लिहून ठेवा. उत्तर पाहिल्यावर केलेला नियम हा नियम नव्हे, ती सबब आहे. कोणाचें नांव निबंधावर येणार व कां, हें काम सुरू होतांनाच मोकळेपणें विचारा. शेवटीं विचारणें अवघड जातें. आणि चूक सांपडली तर ती दुसऱ्याच्या हातीं लागण्यापूर्वीं आपण होऊन सांगा. प्रथम कळविलेली चूक ही चूक असते; उशिरां उघडकीस आलेली तीच चूक पाप ठरते.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांचें काय? २०१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी फ्रान्सिस आर्नल्ड यांनीं २०२० च्या जानेवारींत आपला व आपल्या सहकाऱ्यांचा नुकताच प्रसिद्ध झालेला एक निबंध जाहीरपणें मागें घेतला. प्रयोग पुन्हां करून पाहिला तो जमेना, आणि प्रयोगाच्या वहींत त्या त्या वेळच्या नोंदी व मूळ आंकडे नव्हते, असें त्यांस आढळून आलें. आपण त्या वेळीं कामाच्या गर्दींत होतों व आपलें काम नीट केलें नाहीं, अशी कबुली त्यांनीं स्वतः दिली. दोष तरुण सहकाऱ्याच्या माथीं मारून त्या मोकळ्या झाल्या नाहींत. या एका कृत्यानें त्यांच्या प्रयोगशाळेंतील विद्यार्थी जें शिकले असतील तें तीस तासांच्या व्याख्यानांनीं शिकले नसते. आमच्याकडे विभागप्रमुखानें उभें राहून 'हा माझा निबंध चुकला' असें म्हटल्याचा प्रसंग किती वाचकांनीं पाहिला आहे?

म्हणून आमची मागणी तरुणांकडे नसून आमच्या समव्यवसायी बंधुभगिनींकडे आहे. प्रयोगशाळेंत उत्तरास गुण देणें सोडून निरीक्षणास द्या. एखादे वेळीं मुद्दाम बिघडलेलें साधन ठेवा, आणि तें बिघडलें आहे असें सांगणारास पैकीच्या पैकी द्या. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेंत वही मागा. ज्या निबंधाचीं मूळ निरीक्षणें आपण पाहिलीं नाहींत त्यावरून आपलें नांव काढून घ्या. आपल्या कामांतली चूक दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास पदरीं घाला. यांपैकीं एकाही गोष्टीस आयोगाची परवानगी लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. लागतो तो थोडा अभिमान गिळण्याचा अभ्यास. आणि तोच आमच्यांत नाहीं.

घरोघरच्या आईबापांसही जातां जातां एक विनंति आहे. मुलगी प्रयोगशाळेंतून घरीं आली म्हणजे 'किती गुण पडले?' असें विचारण्यापूर्वीं एकदां 'आज काय पाहिलेंस?' असें विचारा. आणि 'पुस्तकांत आहे त्याहून निराळेंच आलें' असें ती म्हणाली, तर तिला दटावूं नका. तें काम आम्हीं एकदां केलें आहे. बिघडलेलें घड्याळ आम्हीं त्याच आठवड्यांत दुरुस्त करून घेतलें. तें आज बरोबर चालतें. त्या मुलीच्या वहींतला तांबडा शेरा मात्र तसाच राहिला.